विठू महाराचे दर्शन आणि बंद महाद्वार

वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी असे टप्पे घेत इंदापुरास येते. त्या सुमारास आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "सर, देव खरंच कुणाला दिसला आहे का?"

'हो' किंवा 'नाही' म्हणून मुलाला खाली बसविणे आम्हा इतिहास शिकविणाऱ्यांस प्रशस्त वाटत नाही. देव दिसला की नाही, हे इतिहासाच्या साधनांनी ठरत नाही. तो कुणाला, कोणत्या रूपात आणि कुणाच्या कामासाठी दिसला असे समाज सांगत आला, हे मात्र तपासता येते.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा पाहावी. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांस खुली केली. बेदरच्या बादशहाने जाब मागितला, तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारी गेला आणि धान्याची रक्कम भरून आला, असे परंपरा सांगते. या कथेत एक कबुली दडलेली आहे. गावचा वसूल विश्वासाने सरकारी खजिन्यापर्यंत पोचविणे हे महार वतनदाराचे काम होते. म्हणूनच देवास ते रूप शोभले.

पण त्याच मंगळवेढ्याच्या चोखोबांचे काय झाले? देवाने त्यांना आपल्या गळ्यातील हार दिला, अशी आख्यायिका आहे. आळ आणि शिक्षा मात्र चोखोबांच्या वाट्यास आली. त्यांची समाधी पंढरीच्या महाद्वाराबाहेरच राहिली. देवाने घेतलेले महाराचे रूप समाजाला चालले; महार म्हणून जन्मलेला माणूस चालला नाही. ते दार उघडावयास १९४७ चा मे महिना आणि साने गुरुजींचे उपोषण लागले.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. पुढे १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत त्यांनी अवतारकल्पना नाकारली. या दोन्ही गोष्टी आम्ही एकत्र वाचतो. अवतार नाकारावा; परंतु दर्शनासाठी तळमळलेल्या माणसाची हेटाळणी करू नये.

तथागतांच्या दर्शनासाठी व्याकूळ झालेल्या आजारी वक्कली भिक्खूची कथा आमची मुले जाणतात. या नाशवंत देहाच्या दर्शनाने काय साधणार, धम्म पाहा, असेच तथागतांनी त्यास समजाविले. म्हणून 'बाबासाहेब स्वप्नात आले, आता सारे ठीक होईल' असे आपल्याच वस्तीत कुणी सांगू लागले, की आम्हास काळजी वाटते. ज्यांनी पुस्तक हाती दिले, त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा करणे म्हणजे ते पुस्तक मिटून ठेवणे होय.

वर्गातील त्या मुलास आम्ही एवढेच विचारतो : देव दिसला असेलही बाळा, पण दार कुणी उघडले?