घोड्याची झूल आणि घोड्याची संगत

थंडीचे दिवस सुरू झाले की घोडे बाळगणाऱ्या पशुपालकांची एक तक्रार हटकून कानी येते. चांगली, नवी झूल घालून घोडे एका आवारात मोकळे सोडावेत आणि सकाळी पाहावे तो एकाच्या खांद्यावरील कापड फाटलेले, दुसऱ्याचा पट्टा तुटून लोंबत असलेला आणि तिसऱ्याची झूल पोटाखाली फिरलेली, असा देखावा दृष्टीस पडतो. घोड्याची झूल ही काही स्वस्त वस्तू नव्हे. साहजिकच मालकास राग येतो आणि झूल फाडणाऱ्या घोड्यास ‘खोडकर’ ठरवून दावणीला एकटा बांधण्यात येते. पुष्कळ ठिकाणी हा प्रश्न अशा रीतीने सोडविला जातो. परंतु असा उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असाच प्रकार होय. झूल वाचते, परंतु घोडा बिघडतो. आणि झुलीपेक्षा घोडा अधिक मोलाचा आहे, हे निराळे सांगावयास नको.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, घोडा हा कळपात राहणारा प्राणी आहे. मोकळेपणी एकत्र असलेले घोडे समोरासमोर उभे राहून परस्परांची मान, आयाळ आणि मानेच्या बुडाशी असलेला खांद्यावरील उंचवटा दातांनी खाजवितात. हा त्यांचा स्नेहाचा व्यवहार आहे. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवरील एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. या उंचवट्याच्या जागी खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणजेच त्यास स्वस्थता लाभते, असे त्यात आढळून आले. झूल घातली की नेमकी हीच जागा झाकली जाते. सोबतीचा घोडा नित्याप्रमाणे दात लावतो, तो कातडीऐवजी कापड त्याच्या दातांत येते. यात खोडी कोणती आणि अपराध कोणाचा?

अर्थात प्रत्येक झूल स्नेहापोटीच फाटते असे नव्हे. तरुण घोडे व शिंगरे खेळताना एकमेकांस धरून ओढतात आणि लोंबणारे कापड हे त्यांना आयतेच खेळणे होते. आवारात वैरण नसेल तर रिकाम्या तोंडास काहीतरी उद्योग हवा असतो. नवा घोडा आला की कळपातील मानपान ठरेपर्यंत चावे व लाथा चालतात, आणि ते चावे झुलीवर उमटतात. पुष्कळदा झुलीखाली घाम, उवा किंवा गजकर्ण यांमुळे खाज सुटते आणि घोडा स्वतःच खांबाला किंवा झाडाला अंग घासून कापड फाडतो.

म्हणून फाटलेली झूल शिवावयास देण्यापूर्वी ती नीट तपासावी. मान, खांदा व पाठीच्या पुढील भागावरील फाट बहुधा सोबत्याच्या दातांची असते. छातीपुढील कडा किंवा कुशीचा भाग कुरतडला असेल तर ते काम त्याच घोड्याचे असण्याचा संभव अधिक, कारण तेथे त्याचे स्वतःचे तोंड पोहोचते. शेपटीच्या बाजूचे कापड झिजले असेल तर घासण्याचा संशय घ्यावा. याप्रमाणे कारण ओळखून मग उपाय योजावा. कारण न पाहता एका घोड्यास शिक्षा करणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे.

कारण कोणतेही असो, वैरणीकडे लक्ष पुरविल्याशिवाय पुढील उपाय सफल होत नाहीत. घोड्याच्या जठरात आम्लरस अखंड स्रवत असतो. निसर्गतः तो दिवसाचा बहुतेक वेळ चरण्यात घालवितो. दोन वेळा चंदी दिली म्हणजे कर्तव्य संपले, ही समजूत चुकीची आहे. वजनाच्या शेकडा दीड ते दोन भाग इतका कोरडा चारा घोड्यास रोज मिळाला पाहिजे. म्हणजे तीनशे किलो वजनाच्या घोड्यास साडेचार ते सहा किलो वाळलेले गवत हवे. हे गवत एकाच ठिकाणी न टाकता त्याचे ढीग परस्परांपासून आठ-दहा मीटर अंतरावर करावेत आणि घोड्यांच्या संख्येपेक्षा एक ढीग अधिक ठेवावा. त्यामुळे दांडग्या घोड्याने एकास हुसकले तरी त्यास दुसरी जागा मिळते. तोंड वैरणीत गुंतले की ते झुलीकडे कमी वळते.

दुसरा उपाय म्हणजे सोबत्यांची योग्य निवड. खेळकर तरुण घोडे वृद्ध अथवा अशक्त घोड्यांत सोडू नयेत. त्यांना त्यांच्याच वयाची संगत द्यावी. नव्या घोड्यास काही दिवस शेजारच्या आवारात, मजबूत कुंपणापलीकडे ठेवून ओळख होऊ द्यावी. त्याच काळात तो रोगमुक्त आहे किंवा नाही याचीही पाहणी होते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथून घोडा घरी येतो तो ऐन थंडीत. आल्या दिवशीच त्यास नवी झूल चढवून जुन्या घोड्यांत सोडणे म्हणजे भांडणास आणि नुकसानीस आमंत्रण देणे होय. पहिल्या भेटीच्या वेळी सर्वच घोडे बिनझुलीचे असावेत, भर दिवसा सोडावेत आणि जवळ माणूस उभा असावा.

येथे एक मूळ प्रश्न विचारणे आवश्यक आहे : मुळात झुलीची गरज किती? आपल्याकडे झूल हे मानाचे लक्षण मानले जाते. पोळ्याला बैलावर आणि मिरवणुकीत घोड्यावर झूल शोभून दिसते. तो मान योग्यच आहे. परंतु मिरवणुकीची झूल आणि नित्याची झूल यांत फरक केला पाहिजे. सौम्य हवामानास सरावलेल्या निरोगी, प्रौढ घोड्यास सुमारे ५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान सुखावह मानले जाते. पुणे व नाशिक भागांत डिसेंबर-जानेवारीतील रात्रीचे तापमान साधारणपणे दहा अंशांच्या आसपास असते. काही रात्री ते त्याहून बरेच खाली उतरते, तथापि ऊन वर येताच हवा उबदार होते. थंडीच्या सुरुवातीस घोड्याच्या अंगावर दाट केस येतात. पोटभर वैरण, कोरडी जागा आणि वाऱ्यास आडोसा मिळाला तर अशा घोड्यास झुलीवाचून सहसा काही बाधा होत नाही. मेंढ्यांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड वाहणारी धनगर बांधवांची भीमथडी घोडी रानात उघडीच चरतात.

या बाबतीत नॉर्वेतील एक प्रयोग उद्बोधक आहे. ‘झूल घाला’, ‘झूल काढा’ आणि ‘आहे तसेच असू द्या’ अशा अर्थाच्या तीन खुणांच्या फळ्यांपैकी एकीला नाक लावून आपली इच्छा दर्शविण्यास तेथे तेवीस घोड्यांना शिकविण्यात आले. दोन आठवड्यांत सर्व घोडे ते शिकले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, हवा चांगली असता घोडे बिनझुलीचे राहणे पसंत करीत, आणि पाऊस, वारा व थंडी एकत्र आली म्हणजे झूल मागत. नॉर्वेसारख्या थंड देशातील घोड्यांचा हा कौल असेल, तर महाराष्ट्रातील पशुपालकाने दिवसभर झूल घालून ठेवण्याचा आग्रह धरण्यास आधार उरत नाही.

याचा अर्थ झूल सर्वस्वी टाकून द्यावी असा नव्हे. म्हातारे, रोडावलेले किंवा आजारी घोडे, अंगावरचे केस कातरलेले घोडे, उष्ण प्रदेशातून नुकतेच आलेले घोडे आणि पावसात भिजून वाऱ्यात उभे राहणारे घोडे यांना झूल अवश्य द्यावी. माश्या व चिलटांच्या उपद्रवाने ज्यांच्या कातडीस खाज सुटते, त्यांना पातळ जाळीदार झूल उपयोगी पडते. परंतु थंडीसाठी घातलेली झूल ऊन चढताच काढावी. रोज झुलीखाली हात घालून खांद्याजवळ घाम किंवा काचल्याचे घट्टे आहेत काय ते पाहावे आणि खरारा करावा. एकाची झूल दुसऱ्यावर घालू नये, कारण तिच्यामार्फत उवा व गजकर्ण पसरतात. शक्य तेथे झूल घातलेला घोडा शांत स्वभावाच्या एकाच सोबत्याबरोबर ठेवावा.

झूल खरेदी करताना केवळ कापडाचा दणकटपणा पाहून चालत नाही. हल्ली सहाशे, बाराशे व त्याहून अधिक डेनियरच्या धाग्यांच्या झुली मिळतात, आणि जाड कापड दातांना अधिक दाद देत नाही, हे खरे. तथापि कापड न फाटता घोडाच अडकून पडला तर त्या मजबुतीचा उपयोग काय? पोटाखालचा पट्टा आणि पोट यांमध्ये हाताचा पंजा मावेल इतकेच अंतर असावे. त्याहून सैल पट्ट्यात पाय अडकतो आणि बिथरलेला घोडा पाय मोडून घेतो. अतिशय ताण पडल्यास आधी बक्कल सुटावे, अशी रचना पसंत करावी. तुटका पट्टा लोंबत असलेली झूल घालून घोडा एक रात्रही सोडू नये. आवारास काटेरी तार असेल तर तीही बदलावी.

झुलीस तिखट चोपडणे किंवा घोड्याच्या तोंडास मुसके बांधणे हे उपायही काही जण करतात. तिखट डोळ्यांत जाऊन इजा होते आणि मुसक्याने वैरण खाणे अडते. एकटे बांधणे तर सर्वांत वाईट. सोबतीवाचून अगाडी-पिछाडीत दिवस काढणाऱ्या घोड्यास एकसारखे डुलण्याची किंवा लाकूड दातांत धरून हवा गिळण्याची खोड लागण्याचा धोका असतो, आणि अशी खोड एकदा जडली म्हणजे सहसा सुटत नाही. काही मालक म्हणतील की, किमती घोडा इतरांत सोडून जखमी करून घेण्यापेक्षा एकटा ठेवलेला बरा. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु तिला उत्तर सोबत तोडणे हे नसून सोबत निवडून देणे हे आहे. अगदीच नाइलाज झाला तर घोडे वेगळ्या आवारांत ठेवावेत, पण कुंपणावरून एकमेकांस पाहता व हुंगता येईल अशा बेताने.

झूल हे घोड्याच्या सुखाचे एक साधन आहे. त्या साधनाच्या रक्षणासाठी घोड्याची वैरण, मोकळीक आणि सोबत यांपैकी कशाचाही बळी देणे हा उलटा हिशेब होय. पशुपालकांनी यंदाच्या थंडीत नवी झूल विकत घेण्यापूर्वी आपल्या आवारातील वैरणीचे ढीग मोजावेत, कुंपण पाहावे आणि कोणत्या घोड्यास झुलीची खरोखर गरज आहे ते ठरवावे. एवढे केले तरी पुष्कळशा झुली फाटावयाच्या वाचतील, आणि कित्येक झुली मुळात घ्याव्याच लागणार नाहीत.