वास्कोचे बारा खेळाडू

वास्को म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? लोंडा सोडून कॅसलरॉककडे निघालेली गाडी, दूधसागर आला की एका बाजूच्या खिडक्यांना चिकटलेला सगळा डबा, आणि वास्कोला राहणारी कुणाची तरी आत्या. बेळगाव-खानापूरच्या बहुतेक घरांतून एखादी तरी आत्या नाहीतर मावशी वास्कोला दिलेली असतेच.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी पोर्तुगीजांचा समुद्रमार्ग शिकवत होतो. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, वास्को द गामा नावाचा फुटबॉल क्लब ब्राझीलमध्ये पण आहे." आमच्या गावात फुटबॉलचं वेड जुनं. मुलांना खेळाडूंची नावं पाठ असतात आणि सनावळ्या मात्र नसतात. तास संपायला दहा मिनिटं होती. म्हटलं, चला, आज सनावळी फुटबॉलच्या वाटेने जाऊ दे.

हा क्लब १८९८ मध्ये रिओ दी जानेरोत स्थापन झाला. वास्को द गामाच्या सफरीला तेव्हा चारशे वर्षं होत होती, म्हणून पोर्तुगालमधून आलेल्या लोकांनी हे नाव घेतलं. आधी तो होड्या वल्हवण्याच्या शर्यतींचा क्लब होता, फुटबॉल नंतर आला. १९०४ मध्येच या क्लबाने कांदिदो जोजे दी अराउजो या मिश्र वंशाच्या गृहस्थांना अध्यक्ष केलं होतं. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती. अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी, १३ मे १८८८ रोजी, ती तिथे बंद झाली. तोवर सुमारे अठ्ठेचाळीस लाख आफ्रिकी माणसं त्या एका देशात उतरवली गेली होती.

त्या काळचं फुटबॉल म्हणजे बड्या घरच्या पोरांचा खेळ. फ्लुमिनेन्स, फ्लामेंगो, बोताफोगो ही मोठी नावं. वास्को १९२३ मध्ये पहिल्यांदा वरच्या गटात आला, तो काळे, मिश्र वंशाचे आणि गरीब गोरे कामगार यांचा संघ घेऊन, आणि पहिल्याच वर्षी अजिंक्यपद घेऊन गेला. मोठ्या क्लबांनी काय करावं? त्यांनी वेगळी लीग काढली. वास्कोलाही बोलावलं, पण अट घातली की बारा खेळाडू वगळा. अटीत रंगाचा उल्लेख नव्हता. खेळाडूंचा व्यवसाय संशयास्पद आहे, शिक्षण पुरेसं नाही, असं सगळं सभ्य भाषेत होतं. (अशी सभ्य भाषा आपल्यालाही चांगलीच येते. "घर भाड्याने द्यायचंय, पण शाकाहारी कुटुंबच हवं" या वाक्यात जातीचा शब्द कुठे असतो?)

७ एप्रिल १९२४ रोजी वास्कोचे अध्यक्ष जोजे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी उत्तर पाठवलं. ज्यांनी आम्हांला विजय मिळवून दिला त्या तरुणांना आम्ही काढणार नाही, त्यापेक्षा तुमची लीगच आम्हांला नको, असा त्याचा मथितार्थ. ब्राझीलमध्ये हे पत्र 'ऐतिहासिक उत्तर' म्हणून ओळखलं जातं. पुढच्याच वर्षी लीगला वास्कोला आत घ्यावं लागलं. मैदान नाही हा टोमणा होता, तर लोकांनी वर्गणी काढली आणि १९२७ मध्ये साओ जानुआरिओ हे स्टेडियम उभं राहिलं.

हे सांगताना मी रंगात आलो होतो. वर्गात एक मुलगा खाली मान घालून ऐकत होता. तो हल्याळकडच्या जंगलातल्या एका वाडीवरचा सिद्दी. त्याचं नाव इथे लिहीत नाही. जूनमध्ये कॉलेजच्या खेळाच्या यादीत, त्याला न विचारताच, मी त्याचं नाव फुटबॉलखाली घातलं होतं. उंच, काटक, दिसायला तसा. म्हटलं, हा खेळणारच. दोन दिवसांनी तो स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. "सर, माझं नाव काढा की. मला फुटबॉल येत नाही. मी बॉलला पाय लावला की पोरं हसतात." स्टाफरूममध्ये सगळे हसले, मीही हसलो. तो हसला नाही. नाव काढलं, पण का घातलं होतं ते मी स्वतःला विचारलंच नाही. ते त्या दिवशी वास्कोची गोष्ट सांगताना आठवलं आणि तास संपायच्या आत माझी गाडी रुळावरून घसरली.

काळ्या माणसाने धावावं, खेळावं, नाचावं. तेवढ्यापुरतं त्याचं कौतुक. दक्षिण अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं भांडण नेमकं या कौतुकाशीही आहे. १९१६ मध्ये ब्युनोस आयर्सला पहिली दक्षिण अमेरिकन स्पर्धा झाली. उरुग्वेने चिलीला चार गोलांनी हरवलं. दुसऱ्या दिवशी चिलीने तक्रार केली, की उरुग्वेने दोन 'आफ्रिकन' खेळवले, सामना रद्द करा. ते दोघे, ग्रादिन आणि देलगादो, उरुग्वेचेच होते; कित्येक पिढ्या तिथेच गेलेल्या. १९५० च्या विश्वचषकात माराकाना मैदानावर ब्राझील उरुग्वेकडून २-१ असा हरला. दोष कुणाच्या माथी? गोलरक्षक बार्बोझाच्या. तो काळा होता, आणि वास्कोचाच होता. २००० साली तो वारला तोपर्यंत रस्त्यात, दुकानात लोक त्याच्याकडे बोट दाखवत. आयुष्याच्या अखेरीस तो म्हणत असे, की या देशात मोठ्यात मोठ्या गुन्ह्याला तीस वर्षांची शिक्षा आहे, मी पन्नास वर्षं भोगतोय. गंमत बघा, त्या दिवशी जिंकणाऱ्या उरुग्वेचा कप्तान ओब्दुलिओ व्हारेलाही आफ्रिकी रक्ताचाच होता. जिंकला की तो सगळ्या देशाचा आणि हरला की काळा, हा हिशेब तिथला.

ब्राझीलमध्ये अमेरिकेसारखी रंगभेदाची पाटी कुठे लावलेली नव्हती. आम्ही सगळे मिसळलेले, आमच्याकडे वंशभेद नाहीच, असं तिथे अभिमानाने सांगत. पण सरकारी धोरण काय होतं? गुलामगिरी सुटल्यावर युरोपातून गोऱ्यांना आणून वसवायचं, म्हणजे देश हळूहळू 'उजळेल'. १९११ मध्ये लंडनच्या वंशपरिषदेत ब्राझीलचे प्रतिनिधी लासेर्दा यांनी भाकीत केलं होतं, की शंभरएक वर्षांत ब्राझीलमध्ये काळा माणूस उरणार नाही. सरकारी प्रतिनिधीच असं बोलतोय म्हटल्यावर घराघरांतून दुसरं काय चालणार? लग्न करताना आपल्यापेक्षा उजळ बघायचं, मूल झालं की आधी कानाची पाळी बघायची.

१९७६ मध्ये तिथल्या एका सरकारी पाहणीत लोकांना विचारलं, तुमचा रंग कोणता, तुमच्या शब्दांत सांगा. सव्वाशेच्या वर वेगवेगळी उत्तरं आली. दालचिनीचा, दूध घातलेल्या कॉफीचा, उन्हाने रापलेला. 'काळा' हा एक शब्द टाळण्यासाठी माणसाने किती शब्द शोधावेत! त्या यादीतला एक शब्द वाचून मी थांबलो. त्रिगेरा, म्हणजे गव्हाच्या रंगाची. आमच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा माझी आई म्हणाली होती, "गव्हाळ आहे हो, काळी नाही म्हणता येणार." पलीकडे सासूबाई, धारवाडच्या, त्याच वेळी म्हणत होत्या, "गोधी बण्ण इदे, चिंते इल्ल." दोघी विहिणींचं भाषेवरून कधी जमलं नाही, पण या बाबतीत एकमत. मुलगी आता सोळा वर्षांची आहे. आजीने परवाच तिला हळद-साय लावायला सांगितलं.

हा शब्दांचा पळ थांबवायचा, हीच तिथल्या चळवळीची खरी कामगिरी, असं मला वाटतं. १९४४ मध्ये आब्दियास दो नासिमेंतो यांनी रिओत काळ्यांचं प्रायोगिक नाट्यमंडळ काढलं. तोवर रंगभूमीवर काळ्याची भूमिका गोरा नट तोंडाला काजळ फासून करी. पुढे लष्करी राजवटीत हे सगळं दबलं. १९७८ मध्ये साओ पावलोतल्या एका क्लबाने चार काळ्या मुलांना व्हॉलीबॉलच्या संघात घ्यायला नकार दिला. त्याच सुमारास एक काळा तरुण पोलिसांच्या छळात मेला. ७ जुलैला लोक म्युनिसिपल थिएटरच्या पायऱ्यांवर जमले आणि त्यातून देशव्यापी काळी चळवळ उभी राहिली.

त्यांनी तारीखही बदलली. सरकार १३ मे साजरा करी, म्हणजे राजकन्येने सही करून दिलेली मुक्ती. चळवळीने सांगितलं, आमचा दिवस २० नोव्हेंबर. १६९५ मध्ये त्या दिवशी झुंबी मारला गेला. पळालेल्या गुलामांनी ईशान्य ब्राझीलच्या डोंगरांत पाल्मारेस नावाची वस्ती वसवली होती आणि ती जवळपास शंभर वर्षं पोर्तुगीज व डच फौजांना पुरून उरली. झुंबी तिचा शेवटचा मोठा नेता. ही कल्पना मुळात पोर्तो आलेग्रेचा कवी ओलिव्हेरा सिल्वेरा आणि त्याच्या मित्रांनी १९७१ मध्ये मांडली. त्या दिवसाला राष्ट्रीय सुट्टी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. पहिली सुट्टी २०२४ मध्ये.

खेळाडूंचंही तसंच. २०१० मध्ये अठरा वर्षांच्या नेमारला विचारलं, कधी वंशभेद सोसलास का? तो म्हणाला, नाही, मी काही काळा नाही. दहा वर्षांनी, २०२० मध्ये, फ्रान्समधल्या एका सामन्यानंतर त्यानेच लिहिलं, की मी काळा, काळ्याचा मुलगा, काळ्याचा नातू. माझे विद्यार्थी या पहिल्या वाक्यावरून त्याला नावं ठेवतात. मला ठेवता येत नाहीत. सव्वाशे शब्दांच्या देशात वाढलेलं ते पोर होतं. त्याच्या पाठचा विनिसियस मात्र गप्प बसला नाही. स्पेनमध्ये प्रेक्षकांनी माकड म्हटलं तर खेळ थांबवून त्यांच्याकडे बोट दाखवलं. २०२३ च्या मे महिन्यातल्या व्हॅलेन्सियाच्या सामन्याबद्दल २०२४ च्या जूनमध्ये तिघा प्रेक्षकांना आठ महिन्यांची शिक्षा झाली. फुटबॉलच्या मैदानावरच्या वंशद्वेषी शिवीगाळीला स्पेनमध्ये झालेली ही पहिलीच शिक्षा.

२०२२ च्या जनगणनेत ब्राझीलमध्ये ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला मिश्र म्हणून लिहवलं, ४३.५ टक्क्यांनी गोरे म्हणून. आणि 'काळा' हा शब्द स्वतःहून निवडणारे १०.२ टक्के, २०१० मध्ये ते ७.६ होते. एवढ्या वर्षांत काही माणसांची कातडी बदलली नाही. फक्त विचारणाऱ्याला उत्तर देताना जीभ अडखळेनाशी झाली. लासेर्दांचे शंभर वर्षं तर कधीच उलटून गेली. सगळं गोड आहे असं नाही. विद्यापीठांतल्या राखीव जागांचा कायदा २०१२ मध्ये झाला आणि काळा कोण हे ठरवायला तिथे समित्या बसू लागल्या. चेहरा बघून निर्णय. जात पडताळणीच्या खिडकीपुढे रांग लावलेल्यांना यातला त्रास मी वेगळा सांगायला नको. मातृभाषेच्या रकान्यात एकच शब्द लिहिताना आमच्या घरात काय होतं, तेही तुम्हांला ठाऊक आहे.

त्या दिवशी घसरलेला तास मी पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतला. या वेळी गोवा घेतलं. मोझांबिकहून पोर्तुगीजांची जहाजं एकीकडे ब्राझीलला गेली तशी गोव्यालाही आली. तिथून सुटलेली, पळालेली माणसं घाट चढून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलात शिरली. म्हणजे आमच्या अंगणापासून तासाभराच्या वाटेवर एक पाल्मारेसच होतं म्हणायचं. त्यांना उत्तर कन्नड जिल्ह्यात अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना आणखी बऱ्याच वर्षांनी. २०२० मध्ये शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले. ऐंशीच्या दशकात सरकारने सिद्दी मुलांना निवडून खेळाचं प्रशिक्षण द्यायची योजना काढली होती, त्यातून काही चांगले धावपटू निघालेही. पण योजना गुंडाळली गेली आणि मुलं घरी परतली. निवडीमागचा विचार माझ्या त्या जूनमधल्या यादीसारखाच होता. हे मी वर्गात बोललो. यादीचंही बोललो. माफी मागितली असं म्हणवत नाही, सांगितलं एवढंच.

तो मुलगा लगेच काही बोलला नाही. चार दिवसांनी पोर्चमध्ये गाठून म्हणाला, "सर, बसस्टँडवर मला लोक इंग्लिशमध्ये विचारतात, कुठल्या देशाचा. मी मराठीत सांगितलं तर हसतात, कन्नडमध्ये सांगितलं तर जास्ती हसतात." मग म्हणाला, की सेमिनारला त्याला विषय हवाय, पण फुटबॉल नको, झुंबी पण नको, ते पत्र द्या. अध्यक्षांनी लिहिलेलं.

शुक्रवारी नोटीस बोर्डावर सेमिनारची यादी लावायची होती. हजेरीपटात त्याचं नाव आणि पुढे नुसतं 'एस.' आहे, पहिल्या वर्षापासून. मी तसंच उतरवत होतो. तो शेजारी उभा होता. म्हणाला, "सर, पूर्ण लिहा की. सिद्दी." मग मी खडू त्याच्याच हातात दिला.