आधी फट, मग वेळ

जयसिंगपुरातील एका जुन्या घराच्या सोप्यात १९७४ साली घेतलेली बुलेट उभी आहे. आबांनी तिच्यावरून तीस वर्षे सांगलीच्या पेठेत ये-जा केली. पुढे गुडघे थकले आणि गाडी कापडाखाली गेली. मागील दिवाळीच्या सुट्टीत नातवाने ती बाहेर काढली. टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, सीबी पॉइंट पॉलिश पेपरने घासून नजरेच्या अंदाजाने पुन्हा बसवले आणि किक मारली. किक उलटी आली. घोट्याला असा हिसका बसला की पंधरा दिवस पाय धड टेकवेना. ‘हे लोखंड आता भंगारात द्या,’ असे घरात ठरत आले. आबांनी फक्त एक रविवार मागून घेतला.

बुलेटचे मूळ इंग्लंडमधील रेडिचचे. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील उत्पादन थांबले, मद्रासचे मात्र चालू राहिले. ३४६ सीसीच्या त्या इंजिनात ठिणगीची वेळ कोणतीही इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवीत नसे. ते काम दोन छोट्या धातूच्या टिकल्यांचे होते. त्या मिटलेल्या असताना कॉइलमधून वीज वाहते. त्या उघडताच प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी प्लगला ठिणगी पडते. मिनिटाला ३००० फेऱ्यांनी इंजिन फिरत असेल, तर या टिकल्या सेकंदाला २५ वेळा उघडतात. बाजूचा कंडेन्सर त्यांना जळण्यापासून वाचवतो.

रविवारी सकाळी आबा पाटावर बसले. दृष्टी मंदावली होती, म्हणून डोळे नातवाचे आणि अनुभव त्यांचा, अशी वाटणी झाली. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, प्लग काढला, चौथा गिअर टाकला आणि मागचे चाक हाताने हळूहळू फिरवत पॉइंट पूर्ण उघडतील तेथे थांबवले. फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावयास हवी. फिलर गेजचे ०.४० चे पाते त्या फटीत सैलपणे हलत होते. ०.६० चे पातेही सहज गेले.

“आबा, फट मोठी राहिली तर ठिणगी नीट पडणार नाही, एवढेच ना?”

“तेवढेच नाही. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात. पिस्टन अजून वर येत असतानाच ठिणगी पडते आणि स्फोट त्याला मागे ढकलतो. तुझ्या पायाला बसला तो हाच धक्का.”

उलट बाजूही तितकीच खरी. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगीला उशीर होतो. मग गाडी ओढ घेत नाही आणि इंजिन अकारण तापते. म्हणून क्रम ठरलेला आहे : आधी फट, मग वेळ. वेळ जुळवून नंतर फट बदलली, तर आधीचे सारे श्रम वाया जातात.

फट जुळल्यावर नातवाने प्लगच्या छिद्रावर बोट ठेवले आणि चाक फिरवले. बोट हवेने ढकलले गेले, तेव्हा कॉम्प्रेशनचा फेरा ओळखू आला. सायकलचा स्पोक अलगद आत धरून पिस्टनचे सर्वोच्च स्थान शोधले. ठिणगी त्याच्या ०.८ मिलिमीटर आधी हवी होती. नातू चाक मागे घेऊन नेमका तेथेच थांबला.

“असे नाही. आणखी मागे जा आणि पुढे येत त्या जागी थांब. दात्यांमधली ढील निघाली पाहिजे.”

आता पॉइंटची पाटी सैल करून, चावी सुरू ठेवून ती किंचित फिरवायची होती. हेडलाइटवरील अँमीटरचा काटा डावीकडे झुकलेला होता. ज्या क्षणी पॉइंट उघडले, त्या क्षणी काटा मध्यावर आला. स्क्रू आवळले, तर काटा पुन्हा झुकला. आवळताना पाटी सरकली होती. दुसऱ्यांदा तेच झाले. तिसऱ्यांदा पाटी जागेवर राहिली. काम होताच आबांनी चावी बंद करायला लावली, कारण मिटलेल्या पॉइंटवर चावी सुरू राहिली तर कॉइल तापते. कॅमवर ग्रीसचा इवलासा ठिपका लावून झाकण बसवले.

किक मारण्यापूर्वी नातू थबकला. घोट्याची आठवण ताजी होती. आबांनी त्याला डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून पिस्टन माथ्याच्या थोडा पुढे न्यायला सांगितले. नंतर लिव्हर सोडून पूर्ण, संथ किक. पहिली रिकामी गेली. दुसरीला इंजिनाने एक श्वास घेतला. तिसरीला ते ठाय लयीत बोलू लागले.

गाडी भंगारात द्यावयाची चर्चा त्या दिवशी थांबली. दुपारी नातवाने वहीत फट, वेळ आणि तारीख लिहून ठेवली. खाली आबांनी थरथरत्या अक्षरात एक ओळ जोडली : ‘काही हजार किलोमीटरनंतर फट पुन्हा पाहणे. अंदाजाने नव्हे, पात्याने.’