पाणीवाल्याला शिकवा, तो टिकेल

सरपंच मंडळी, गावचा पाणीवाला वर्ष-दोन वर्षांत काम सोडून का जातो, याचा कधी विचार केलात का? "शिकवला तर एमआयडीसीत पळेल," असं म्हणून आपण त्याला प्रशिक्षणाला पाठवायचं टाळतो. अहो, पण न शिकवलेला तरी कुठे टिकतो? मोटार जळाली की बोल त्याला, पाणी गढूळ आलं की बोल त्याला. उपाय मात्र कोणी दाखवत नाही.

टाकीत टीसीएल किती टाकायचं, टाकल्यावर अर्धा तास का थांबायचं, शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरतं का, हे ओटी चाचणी करून जो सांगू शकतो त्याचा शब्द गावात चालतो. अशा मानाच्या कामावरून माणूस सहजासहजी हलत नाही.

मात्र नुसत्या मानानं चूल पेटत नाही. प्रशिक्षणाच्या दिवसांचा पगार कापू नका, महिन्याचा थकवू नका आणि शिकून आल्यावर दोन पैसे वाढवून द्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. शेतकरी बंधूंनो, तुम्हीही तो लावून धरा. कोरड्या नळापाशी हंडा घेऊन तुमच्याच घरच्यांना उभं राहावं लागतं.