विषातून औषध : वस्तुस्थिती वेगळी आहे



प्राण्यांच्या विषापासून औषध ही निव्वळ भोंदूगिरी, असा निष्कर्ष गेल्या अंकातील लेखात काढला आहे. तो चुकीचा आहे.

लेखक म्हणतात, विषाचा उपयोग सर्पदंशावरील प्रतिविष बनवण्यापुरताच. पण ब्राझीलमधील जराराका सापाच्या विषातील पेप्टाइडांवर सेर्जिओ फरेरा यांनी १९६०च्या दशकात संशोधन केले. त्याच धाग्यावरून रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल हे औषध घडले आणि १९८१मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्तदाबाचे असंख्य रुग्ण रोज घेतात त्या एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्या त्याच कुळातल्या.

हे सारे परदेशी सापांचे, असेही नाही. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून देतात ते टायरोफिबान, फुरशाच्या विषातील प्रथिनाच्या नमुन्यावर बेतलेले आहे. फुरसे कोकणात कोणाला ठाऊक नाही?

‘औषधांपायी साप संपतील’ ही भीतीही निराधार आहे. वरील औषधे कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होतात. शंखगोगलगाईच्या विषातून सापडलेले तीव्र वेदनेवरील झिकोनोटाइड आणि गिला सरड्याच्या विषातून सापडलेले मधुमेहावरील एक्झेनाटाइड, हीसुद्धा कृत्रिमच. साप संपतात ते दिसताक्षणी काठी उचलल्याने आणि अधिवास नष्ट केल्याने.

कच्चे विष विकणाऱ्या भोंदूंवर कारवाई व्हावी, एवढे मान्य. पण त्यांच्या पापाचे खापर संशोधकांच्या माथी फोडू नये. शिवाय प्राणी जपणे औषधांसाठीही गरजेचे आहे: अभ्यासाआधीच नामशेष झालेल्या प्राण्याबरोबर एखादे औषधही कायमचे जाते. लेखकांनी याची नोंद घ्यावी.

– एक वाचक, रत्नागिरी