काम द्या, निर्णयही द्या!

गेल्या वर्षी मी आमच्या टेक्निकल इव्हेंटचा हेड होतो. स्पॉन्सरशिपची पत्रं मीच लिहायचो, बॅनरचा मजकूर मीच तपासायचो, हॉलच्या परवानगीसाठी खेटेही मीच घालायचो. ज्युनिअर्सना काम काय? खुर्च्या लावा, चहा सांगा! इव्हेंटला आठ दिवस असताना मला कावीळ झाली नि घरी जावं लागलं. मागे वीस-बावीस जण होते, पण पैसे कुणाकडून यायचेत, परीक्षक कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. इव्हेंट रद्द! तेव्हा मी त्यांच्यावरच चिडलो होतो.

बरा झाल्यावर एका रविवारी रूममेटबरोबर बाईकवरून वढू बुद्रुकला गेलो. पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाहून आत वळलं की थोड्या अंतरावर हे गाव. इथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे, कवी कलशांचीही आहे. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने महाराजांना हालहाल करून ठार केलं. वय अवघं ३१! आपण इथे येतो, डोळे भरून येतात, नमस्कार करून परत फिरतो. त्या दिवशी मला मात्र प्रश्न पडला (लहान तोंडी मोठा घास, मान्य!) : हेड आजारी पडला तर आमचा इव्हेंट बसला, मग राजा गेल्यावर स्वराज्य उभं कसं राहिलं?

परिस्थिती तर भयंकर होती. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले. राजाराम महाराज १९ वर्षांचे, म्हणजे आपल्या एस.ई.च्या पोरांएवढे. ते निघाले थेट तामिळनाडूतल्या जिंजीला. तिथून प्रत्येक गोष्टीला परवानगी मागवायची म्हटली असती तर सगळंच बुडालं असतं. म्हणून इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांना दिला, ‘हुकूमतपनाह’ हा किताब देऊन. म्हणजे नुसतं काम नाही, निर्णयाचा अधिकारसुद्धा!

पंतांनीही तो मुठीत दाबून ठेवला नाही. हाताखालच्या परशुराम त्रिंबक आणि शंकराजी नारायण यांना मोठ्या कामगिऱ्या दिल्या. परशुरामपंतांनी १६९२ मध्ये पन्हाळा परत घेतला. पुढे एक प्रतिनिधी झाले, दुसरे सचिव. संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांनी मुघल फौजांना सळो की पळो करून सोडलं. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, तर पंचविशीतल्या ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली. शेवटी १७०७ मध्ये औरंगजेबच अहमदनगरजवळ (आताचं अहिल्यानगर) मरण पावला. म्हणजे याच पुणे-नगर रस्त्याच्या पुढच्या टोकाला!

ही माणसं काही रातोरात घडली नव्हती. रामचंद्रपंत शिवरायांच्या अष्टप्रधानांत होते. विश्वासाने दिलेल्या कामातूनच ते तयार झाले होते.

अर्थात एक जखमही आहे. संताजी-धनाजींचं वैर वेळीच मिटलं नाही, संताजींचं सेनापतिपद गेलं आणि १६९७ मध्ये त्यांचा खून झाला. माणसं मोठी करणं हे अर्धंच काम. मोठी झालेली माणसं एकत्र ठेवणं, हे उरलेलं अर्धं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ज्युनिअरला हमाली नको, एक पूर्ण काम द्या, हिशेबासकट. चुकला तर सगळ्यांसमोर झापू नका, रूमवर बोलवून सांगा. जमलं तर स्टेजवर त्याचंच नाव घ्या. आणि सर, मॅडम, प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एकटाच राबतो नि बाकीचे सह्या करतात, तेव्हा चूक फक्त बाकीच्यांचीच असते का?

यंदा स्पॉन्सरशिप एस.ई.च्या एका मुलाकडे दिली. त्याचं पहिलं पत्र वाचून माझे हात शिवशिवले. पण खोडलं नाही. एवढंच विचारलं, “हे वाचून तू पैसे दिले असतेस का?” तो गेला, पुन्हा लिहून आणलं. तिसरं पत्र माझ्यापेक्षा चांगलं होतं.

थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण आता मला कावीळ झाली तरी चालेल.