बाटली जुनी, पंप नवा

मोटारींच्या दुनियेत ‘वॉशर’ ह्या शब्दाने बराच घोटाळा करून ठेवला आहे. नटाखाली बसते ती चकती वॉशर, आणि समोरच्या काचेवर पाणी उडवणारे यंत्र तेही वॉशरच. ‘पाण्याचा पंप’ म्हणावे, तर तो इंजिन गार ठेवणारा भलताच निघतो. म्हणून ह्या लेखापुरते मी ‘काच धुण्याचा पंप’ असे लांबलचक नाव वापरणार आहे. एवढ्याशा वस्तूवर लेख कसला, असे वर्गातल्या मित्रांनी विचारलेच. माझे म्हणणे असे की, जुनी गाडी खरोखर दुरुस्त केली आहे की नुसती सजवली आहे, हे ओळखायला ह्या पंपासारखी दुसरी जागा नाही. रंग डोळ्यांना दिसतो, क्रोम चमकतो, इंजिनाचा आवाज ऐकू येतो. पंपाचे बटण मात्र कुणी दाबून पाहत नाही. मी पाहिलेल्या दोन रॅलींत तरी पाहिले नाही.

माझ्या मामांचे कोल्हापुरात उद्यमनगरला लहानसे गॅरेज आहे. सुट्टीत मी तिथे हात काळे करतो. जुन्या इंग्रजी गाड्यांत पुष्कळदा हातपंप असतो. डॅशबोर्डवरचे बटण दाबले की आतला रबरी पडदा पुढे सरकतो आणि पाणी नळीतून वर जाते. बटण सोडले की स्प्रिंग पडद्याला मागे ओढते आणि बाटलीतले पाणी आत येते. एकाच दिशेने उघडणाऱ्या दोन झडपा, एक पडदा, एक स्प्रिंग, संपले यंत्र! पण साठ वर्षांत ते रबर पापडासारखे कडक होते आणि झडपांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे थर चढतात. मामा त्या झडपा रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत घालतात, नव्या रबराच्या पातळ शीटमधून पडदा कापतात आणि काचेखालच्या बारीक भोकात तार फिरवतात. खर्च म्हणाल तर चहा-वड्याएवढा. वेळ मात्र दोन दिवसांचा, आणि गिऱ्हाईकाकडे नेमका तोच नसतो.

फोक्सवॅगनच्या बीटल गाडीची गंमत तर निराळीच. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या बीटलमध्ये काच धुण्यासाठी पंपच नाही. पुढच्या डिकीतल्या स्टेपनीला एक नळी जोडलेली असते आणि स्टेपनीतली हवाच बाटलीतले पाणी काचेवर ढकलते. काच धुता धुता स्टेपनी रिकामी होऊ नये म्हणून हवा ठराविक मर्यादेखाली गेली की मधली झडप बंद होते. हे प्रथम समजले तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो; नंतर त्या डोक्याला मनातल्या मनात नमस्कार केला. अशा गाडीत विजेचा पंप बसवायचा म्हणजे ती बुद्धीच काढून फेकायची.

आता ज्या प्रसंगावरून हा लेख सुचला तो सांगतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक इंग्रजी गाडी आली. तिचा पंप विजेचा होता. मोटर बाटलीच्या झाकणावर आणि तिची लांब दांडी तळातला छोटा पंखा फिरवणारी. मालक म्हणाले, “बाटली घासूनपुसून जागेवर ठेवा, आणि मडगार्डच्या आत प्लॅस्टिकचा नवा पंप लपवून टाका. कुणाला कळतंय?” मामांनी मान डोलावली. मला राग आला. मालक गेल्यावर मी तसे बोललो, तर मामा म्हणाले, “आरं, गिऱ्हाइकाला काचंवर पानी पायजे. पंप न्हवं.”

त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. रोज धावणाऱ्या गाडीची काच स्वच्छ राहणे हा जिवाचा प्रश्न आहे. तिथे नवा पंप बसवलाच पाहिजे. पण ही गाडी वर्षातून दोनदा बाहेर निघणारी. शिवाय काम पाण्याशीच असेल, तर जुनी बाटली तरी का ठेवायची? ठेवायची ती लोकांनी पाहावी म्हणून. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, आणि चासी, बॉडी, इंजिन ह्यांत मोठा बदल झालेला चालत नाही. काच धुण्याच्या पंपाकडे कोण बघणार? त्याचा न्याय मालकाने आणि मिस्त्रीनेच करायचा.

मी आठ दिवस मागून घेतले. मोटर उघडली. कार्बनचे ब्रश झिजले होते आणि तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. त्या बारीक पॉलिशपेपरने साफ केल्या. (एमरी कापड वापरायचे नाही, त्याची कणी पट्ट्यांमधल्या फटीत बसते.) दांडीवरचे सील बदलले, गाळणीची जाळी धुतली. बाटली भरून मोटर सुरू केली. ती झकास फिरली, पण पाणी नुसते ठिबकले! दोन दिवस मी नळ्या तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी मामांनी एकदाच बघितले आणि दोन्ही तारांची अदलाबदल केली. पाण्याची धार थेट माझ्या शर्टावर. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. मी सवयीने ऋण टोक जोडले होते. टोकांवरच्या खुणा पुसल्या होत्या, आणि मोटर उलटी फिरत होती.

मामांना हे ठाऊक होते, पण कुठे लिहिलेले नव्हते. त्यांची शाळा चौथीत सुटली. आमच्या घरात कॉलेजला आलेला मी पहिलाच, आणि ‘शिकून पुन्हा गॅरेजातच?’ हा टोमणा मी दोन्हीकडून ऐकतो. गॅरेजात बी.ए. वाल्याने काय करावे हे तोपर्यंत मलाही उमगले नव्हते.

मालकांनी शेवटी नवा पंपच बसवून घेतला. रॅली चार दिवसांवर होती. मात्र मडगार्डला नवे भोक पाडायचे नाही, जुन्याच भोकातून नळी न्यायची, एवढे मामांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतले. जुना पंप बिस्किटाच्या डब्यात घालून डिकीत ठेवला. डबा बंद करण्यापूर्वी मामांनी माझ्या हातात वहीचा कागद दिला आणि म्हणाले, “कंची तार कुठं, ते लिही. सुटं सुटं, ठळक अक्षरात.” फळीवर असे आणखी अकरा डबे आहेत. त्यांतल्या चारांचे कागद लिहून झाले आहेत.